शिडी कोणी नेली

हॅलो?… हो, मीच… जरा मोठ्याने बोल, बसस्टँडच्या गोंगाटात तुझं काही कळत नाही… मी? मी माळ्यावर आहे… माळ्यावर गं, दुकानाच्या… नाही नाही, निघालेच होते. बॅग भरून गल्ल्याजवळ ठेवलीय, वर स्वेटरसुद्धा घडी घालून ठेवलाय. फक्त उतरायचं राहिलंय.

का म्हणजे? शिडी नाहीये.

शिडी… अगं, चढताना होती. शिडीशिवाय चढायला मी काय पाल आहे? वर आले, मागच्या फळीवरून मोटर शोधून काढली, वळून बघते तर शिडी गायब… हसू नकोस… छोटे, हसू नकोस म्हणते ना. मला इथे ताठ बसतासुद्धा येत नाही. डोक्याला पत्रा लागतोय आणि कुशीत कॉम्प्रेसर.

किती वेळ आहे अजून?… ड्रायव्हर चहा पितोय ना, मग आहे वेळ… मागच्या चाकात हवा भरतायत? भरू दे. चांगली टच्च भरू दे.

टेस्टरने नेली असणार, दुसरं कोण. तुझा लाडका भाऊ. मी वर चढले तेव्हाच पाळणाघरात गेलाय… हो, त्या कोपऱ्यावरच्या. त्यांच्या हीटरचा पंखा उलटा फिरतोय… फिरतो गं, मस्त फिरतो. कॉइल लाल होते, आवाज येतो, सगळं होतं, फक्त गरम हवा खोलीत यायच्या ऐवजी मागे भिंतीवर जाते. भिंत छान उबदार आणि पोरं कुडकुडतायत. बाईंनी सगळ्यांना टोप्या घालून एकाच सतरंजीवर बसवलंय म्हणे.

हो, मोटर उलटी गेली. या थंडीतली तिसरी… बोलले ना. काल त्याला इतकं बोलले की जेवला नाही तो. तर काय म्हणतो, 'ताई, मला अप्पांनीच काढून दिली.' आता अप्पांवर ढकलतोय. ज्या माणसाने ही दोऱ्याची पद्धत काढली, तो उलटी मोटर देईल का कुणाला?

… विसरलीस? तू दुकानात बसलीस कधी म्हणून लक्षात राहील. लाल दोरा सुलटी, हिरवा दोरा उलटी. मोटरचा शाफ्ट आपल्या नाकासमोर धरायचा. घड्याळाच्या काट्यासारखी फिरली की सुलटी, बांध लाल. तीच मोटर पाठीमागून बघितलीस तर उलटी दिसते. एवढंच शास्त्र आहे. आणि तेवढंच टेस्टरच्या डोक्यात शिरत नाही.

कंपनीचं लेबल?… लेबल असतं तर काय हवं होतं. माल आला की अप्पांचं पहिलं काम काय, ब्लेड आणि रॉकेल घेऊन लेबल सोलायचं… का म्हणजे, नंबर वाचून गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाईल ना. 'नाव कळलं की माणूस फिरकत नाही,' म्हणतात. अख्खी हयात हेच केलं. आता इथे माळाभर मोटरा आहेत, छोटे, सगळ्या काळ्या, एकीवर अक्षर नाही, गळ्यात नुसता दोरा. कुठली हीटरची, कुठली कूलरची, कुठली दोन्हीला चालते, ते अप्पांना माहीत आणि मला. मग मी निघणार कशी, तू सांग.

निघते गं. निघणारच आहे. थांब हं जरा.

अप्पा… अप्पा, शिडी कुठाय?… अहो, शिडी… काय?… बरं.

'टेस्टरने नेली असेल,' म्हणतात… बसलेत गल्ल्यावर. इथून नुसती कानटोपी दिसते… बोलतात ना, बोलतात. अबोला नाही धरलेला. काल तुझ्यासमोरच नाही का विचारलं मी, 'जाऊ ना अप्पा?' तर 'बघू.' आणि आपल्या घरातलं 'बघू' तुला ठाऊकच आहे. आई म्हणायची, माझा अर्धा संसार या 'बघू'वर गेला. तोंडाने नाही म्हणायचं नाही, बस. तुझ्या नर्सिंगच्या वेळीही 'बघू'च होतं. तू वाट बघत बसली नाहीस, सुटलीस.

… टोमणा नाही मारत… बरं, थोडासा मारला.

उडी? अगं खाली काय पसरलंय माहितीये ना? जुने कंडेन्सर, पंख्यांची पाती, सगळी धार लावल्यासारखी. उडी मारली तर तुलाच यावं लागेल टाके घालायला… शेजारचा शिंपी आज बंद आहे. समोरचा कुलूपवाला ऐकत नाही, त्याची कानस चालू आहे… दोर आहे. बादलीला बांधलेला आहे, माल खाली सोडायचा. तो बादलीचं वजन पेलतो, माझं नाही. गेल्या वर्षभरात माझं जे काही झालंय ते तू बघितलंयस.

हो, हो… अगं ऐक ना, मला कळतंय उद्या सकाळी मोटरच्या कंपनीत हजर व्हायचंय. नेमणुकीच्या पत्रातलं वाक्य न् वाक्य मला पाठ आहे. चाचणी विभाग, पहिली पाळी… मला भीती नाही वाटत कामाची. काय करायचंय, मोटर बाकावर चढवायची, फिरवायची आणि कान द्यायचा. बेअरिंग कुरकुरतंय का, वाइंडिंग गुणगुणतंय का. इथे तेच करते की, गिऱ्हाईक समोर उभं राहून घाई करत असतं एवढाच फरक.

तुला खरं सांगू? मला पगाराचं तेवढं नाही. मला एकदा असं काम करायचंय जे संध्याकाळी संपतं. घरी यायचं, पाय धुवायचे, झालं. इथे जेवताना ताटावर कपॅसिटर येऊन पडतो. रात्री कुणाचा हीटर बंद पडला की आपलं दार वाजतं. आणि निघायचं कधी? उन्हाळ्यात म्हणावं तर कूलिंगचा सीझन, हिवाळ्यात म्हणावं तर हीटिंगचा. मधे जरा हवा बरी होते, तर तेव्हा अप्पांचं ब्लडप्रेशर. ज्या धंद्याला उन्हाळाही सीझन आणि हिवाळाही सीझन, त्या धंद्यातून माणूस सुटायचा कधी?… हसतेस काय, रडायची गोष्ट आहे.

सीट आहे ना माझी?… शाल टाकलीस? बरं केलंस… कोण आजी?… बोचकं घेऊन उभ्या आहेत का? बिचाऱ्या. सांग त्यांना, माणूस येतंय म्हणावं. माझी बहीण माळ्यावर अडकलीय असं काही सांगू नकोस, वेड्यात काढतील.

थांब, कुणीतरी आलं खाली… या ना, बाई. वर बघा… इकडे, वर… हो, मीच. नमस्कार. छोटे, पाळणाघरवाल्या बाई आल्यात, फोन ठेवू नकोस.

मिळाली बाई, मोटर मिळाली. त्यासाठीच तर वर चढले. भावाने पाठवलं ना तुम्हाला?… हो, मी बादलीतून सोडते, तुम्ही खालून घ्या. अप्पा, तुम्ही राहू द्या, कंबर धरेल. सोडतेय हं… भिंतीवर आपटू देऊ नका… आली हातात?… लाल दोरा आहे ना? बघा बरं… झालं. हीच. तुमच्याकडे हिरवीवाली लागली होती, म्हणून सगळी ऊब भिंतीला. भावाला म्हणावं, आता डोळे मिटून बसव. आणि बाई, एक काम करा, त्याला सांगा आधी शिडी परत आण, मी अडकून पडलेय… काय?… नेलीच नाही?… बघा बरं आठवून, लांब, ॲल्युमिनियमची… हो, हीटर जमिनीलगत आहे हे खरं, पण…

अप्पा, तो शिडी घेऊन गेलाच नाही म्हणे… मागे असेल? बाई, जरा मागच्या दारात डोकावता का… बरं, बरं. अप्पा लावतायत, बाई, तुम्ही निघा. पोरं गारठलीत… हो, या. पैशांचं नंतर, आधी हीटर लावा.

… आहेस ना?… ऐकलंस सगळं. अप्पा त्यांना म्हणाले, 'तुम्ही जा, मी देतो शिडी लावून'… नाही. नाही उठले. म्हणजे उठले, बाईंना दारापर्यंत पोचवलं, दार लोटलं आणि परत येऊन बसले. कानटोपी जागच्या जागी.

छोटे, एक सांग मला. एवढी लांब शिडी टेस्टर स्कूटरवर नेणार कशी होता? काखेत मारून?… मला सुचलंच नाही गं. घरात काही हरवलं की त्याचं नाव घ्यायची सवय लागलीय.

अप्पा. शिडी तुम्ही काढलीत का?… अप्पा, मी तुमच्याशी बोलतेय… बॅग दिसतेय ना तुम्हाला समोर? छोटी बसमध्ये बसलीय… अप्पा.

… कानटोपी हलतसुद्धा नाही.

मला इतका राग आलाय ना, छोटे… नको, तू नको बोलूस त्यांच्याशी, फोन खाली टाकू कुठून, बादलीतून? असं कुणी करतं का? सरळ सांगा, नको जाऊस म्हणून. भांडा, ओरडा, जेवू नका. लहान पोराचा चेंडू वर ठेवतात तसं मला वर ठेवून दिलंय. एवढंच असेल तर माझ्याही गळ्यात दोरा बांधा म्हणावं, लाल की हिरवा ते तुम्ही ठरवा… नाही रडत. धूळ आहे इथे. आई असती तर शिडी त्यांच्या डोक्यात घातली असती.

काय म्हणाला कंडक्टर?… सगळे बसले का विचारतोय? नाही म्हण. अजून एक बाई यायचीय म्हण. दुकान ते स्टँड, पळत आले तर पोचते मी. अगदी पळत.

थांब. उठलेत… अप्पा उठलेत. मागे गेले… मोरीकडे. आवाज येतोय, पत्र्याला काहीतरी घासतंय… शिडीच आहे गं. आणली, आणली. मोरीत उभी करून ठेवली होती, बघ. चल, आलेच मी, कंडक्टरला धरून ठेव.

… लावा ना, अप्पा. तिथे, नेहमीच्या खाचेत… अहो, लावा… नाही लावत आहेत. एका हातात शिडी धरून उभे राहिलेत, दुसऱ्या हातात मोटर आहे… ती पाळणाघरातून काढलेली, हिरवीवाली. बाई देऊन गेल्या असतील. वर बघतायत माझ्याकडे.

काय, अप्पा?… ऐकू नाही आलं. परत बोला…

…

छोटे.

… आहे, इथेच आहे. ते विचारतायत… ते विचारतायत, लाल म्हणजे कुठल्या बाजूने बघायचं.

… नाही गं, परीक्षा नाही घेत. मलाही आधी तेच वाटलं. लहानपणी घ्यायचे ना, शाफ्ट नाकासमोर धरून, 'बोल, लाल की हिरवा?' तसं नाहीये हे. मोटर हातात फिरवतायत नुसते. शाफ्टकडून बघतात, मग उलटून मागून बघतात, परत शाफ्टकडून. 'एवढं सांग, आणि मग जा,' म्हणतात.

… हो. म्हणजे त्या तिन्ही… हो. त्यांनीच काढून दिल्या. टेस्टर खरं बोलत होता. काल मी त्याला काय काय बोलले, आणि हे शेजारी बसून खाली मान घालून जेवत होते. मला वाटलं, माझी बाजू घेतायत.

आणि तुला काल रात्री तीनदा विचारलं ना, 'गाडी कधीची, गाडी कधीची'… आपण दोघी पांघरुणात हसलो. म्हटलं, टोमणे मारतायत. टोमणे नव्हते, छोटे. त्यांना खरंच… हो. हो, तू आहेस नर्स, तुला कळतं. बोलू नकोस आत्ता ते नाव. नको.

अप्पा, ऐका. शाफ्ट आपल्याकडे… हो, नाकासमोर धरा. मान अशी सरळ. काट्यासारखी फिरली की लाल… हो, सुलटी… हो, तुम्हीच शिकवलंत मला. याच दुकानात, स्टुलावर उभी करून… बरोबर. अगदी बरोबर. हातातली हिरवी… हो, हिरवी म्हणजे उलटी. झालं. लावा आता शिडी.

… बोल, ऐकतेय… हो, सांगितलं. कळलं त्यांना. 'हां हां' म्हणाले, हसलेसुद्धा जरासे. लावतायत आता.

…

परत विचारतायत.

… तेच. कुठल्या बाजूने बघायचं.

… बाण? बाण काढून काय करू, छोटे, खडूने काढू नाहीतर रंगाने. बाण कुठल्या बाजूने बघायचा तेच तर… टेस्टर? टेस्टरला चांगलं शिकवलं तरी वर्ष जाईल, आणि माझी बोलणी खाऊन खाऊन त्याचा हातच बसत नाही आता, मोटर धरली की माझ्याकडे बघतो. मीच केलंय तसं… नाही, मला कळतंय तू काय म्हणतेस. एका दुकानासाठी कुणी आयुष्य… कळतंय गं. मीच तुला हे सगळं सांगितलं असतं, माझ्या जागी तू असतीस तर.

पण त्यांनी शिडी का काढली माहितीये? मला अडवायला नाही. 'तू उतरलीस की घाईत निघून जाशील, मग मी कुणाला विचारू,' म्हणाले आत्ता. विचारायची लाज वाटत होती, म्हणून शिडी लपवून बसले होते. गिऱ्हाईक जायची वाट बघत होते. पाळणाघरवाल्या बाईंसमोर विचारायचं नव्हतं त्यांना. आयुष्यभर नंबर सोलत बसले दुसऱ्याला कळू नये म्हणून, आणि आता…

सुरू झाली का?… ऐकू येतंय मला. हॉर्न देतोय… नाही, नाही, तू उतरू नकोस. छोटे, अजिबात उतरायचं नाही. तुझी सकाळची ड्यूटी आहे. तू इथे येऊन काय करणार, दोघी मिळून माळ्यावर बसायचं का? घरातलं एक जण तरी सुटलेलं राहू दे… ओरडू नकोस, लोक बघत असतील… हो, मला माहितीये कंपनी थांबणार नाही. उद्या हजर नाही म्हटलं की पुढच्या माणसाला बोलावतील. पत्रात लिहिलंय तसं. म्हटलं ना, पाठ आहे मला.

… ऐक. शाल उचल सीटवरची… उचल गं. त्या आजींना बसव. कधीच्या बोचकं घेऊन उभ्या आहेत.

… बसल्या?… बरं झालं.

… हो, लावली. शिडी लावली त्यांनी आत्ता. नेहमीच्या खाचेत, बरोबर लावली, ते नाही विसरले… उतरणार तर, इथे काय राहायचंय? टेस्टर आला की त्याला गरम जेवायला घालीन आधी. पाया पडीन त्याच्या, म्हणजे घाबरून पळेल तो.

काय?… आवाज तुटतोय तुझा… उद्याच्या गाडीने? कंपनीत फोन करून एक दिवस मागून?… हो, असते की, उद्याही असते गाडी. रोज असते.

… बघू.

… काही नाही म्हणाले मी. सांभाळून जा. खिडकी लावून घे, गार वारा लागेल… ठेवते आता. अप्पा शिडी धरून उभे आहेत.